दात दाखवतो की दात काढतो? एका डाल्मेशियनचं प्रकरण

अर्जातल्या 'तक्रार' या रकान्यात चार वाक्यं होती. 'घरात मुद्दाम लघवी करतो. रागावलं की दात दाखवतो. हाक मारली तर ऐकून न ऐकल्यासारखं करतो. सगळं फाडतो.' खाली दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, घाईघाईने लिहिलेलं: 'महिनाअखेर निर्णय घ्यायचा आहे.' निर्णय म्हणजे कुत्रा कुणाला तरी देऊन टाकायचा.

डाल्मेशियन, नर, वय चार वर्षं एक महिना, वजन २९ किलो, नसबंदी झालेली नाही. नाव बंड्या. हे नाव मी बदललेलं आहे, पण खरं नावही याच धाटणीचं होतं, आणि असं नाव ठेवलं की कुत्रं पुढे काहीही करो, ते नावाला जागतंय असंच घरच्यांना वाटत राहतं. घरात आई, बाबा, अकरा वर्षांचा मुलगा आणि आजी. मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते. औषधोपचार हा माझा प्रांत नाही, आणि या प्रकरणात नेमकं तेच माझ्या अंगाशी येणार होतं.

पहिली भेट

दार उघडलं तेव्हा बंड्या आजींच्या मागून पुढे आला. मान खाली, कान मागे दुमडलेले, डोळे किलकिले. शेपूट खालच्या खाली इतकी हलत होती की तिच्याबरोबर अख्खं ढुंगण हलत होतं. आणि वरचा ओठ पार वर गेलेला, नाकाला सुरकुत्या पडलेल्या, पुढचे सगळे दात हिरड्यांसकट उघडे. मधेच एक शिंक आली आणि ओठ पुन्हा वर.

"बघा, बघा मॅडम. हेच," बाबा म्हणाले. "पाहुण्यांवरसुद्धा दात दाखवतो."

"दात दाखवत नाहीये हो बाबा, दात काढतोय," मुलगा म्हणाला.

त्या दिवशी घरात सर्वांत अचूक निदान त्या पोराचं होतं. दात दाखवणं वेगळं आणि दात काढणं वेगळं हे आपल्या भाषेला पूर्वीपासून कळतं, फक्त कुत्र्याच्या बाबतीत आपण ते विसरतो. डाल्मेशियनमध्ये हे हसू पुष्कळ दिसतं. ते समोरच्याला शरण जाणारं, 'मी काही करत नाही, तूही नको करूस' असं सांगणारं हसू आहे. धमकी देणारा कुत्रा अंगाने ताठ होतो. त्याची नजर रोखलेली असते, तोंडाचे कोपरे पुढे आलेले असतात, श्वास क्षणभर थांबल्यासारखा वाटतो, शेपूट हललीच तर वर ताठ राहून हलते. हसणारा कुत्रा सगळा ढिला असतो. दातांकडे पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून दात सोडून बाकीचा कुत्रा बघायचा.

मी मोबाइलवर तो क्षण टिपला आणि हळू चालवून बाबांना दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग जे बाहेर आलं ते असं: घरात लघवी दिसली की ते ओरडायचे. ओरडले की बंड्या हसायचा, म्हणजे माफी मागायचा. ती त्यांना उद्धटपणाची खूण वाटायची, मग आवाज आणखी चढायचा. आवाज चढला की बंड्याचं हसू आणखी रुंद. गेले दोन महिने घरात रोज हेच चाललं होतं.

आता लघवीचं. पूर्वी अजिबात नव्हतं, दोन महिन्यांत सुरू झालं. सोफ्याच्या कोपऱ्याशी, दाराशी, एकदा मुलाच्या दप्तरावर. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. एक्स-रे काढला होता, त्यात काहीच नव्हतं. प्रतिजैविकाची गोळी आठवडाभर दिली, थोडा फरक पडला, पुन्हा तेच. "तब्येतीचं काही नाही, स्वभावाचं असेल, असं सांगितलं," आई म्हणाल्या. लघवीची तपासणी? ती झाली नव्हती.

मी त्यांच्याबरोबर खाली फेरी मारली. बंड्याने एका खांबाशी पाय वर केला. मला अशा वेळी सेकंद मोजायची सवय आहे. वीस मोजले. वीस सेकंदांत पाच-सहा थेंब. चार पावलं चालून पुन्हा पाय वर, पुन्हा दोन थेंब. माझ्या वहीत आजही ते दिसतं: 'खांब, २० से., थेंब. झुडूप, ८ से., थेंब.' आणि समोर मी लिहिलंय, 'हद्दीच्या खुणा? घरातला ताण?'

नसबंदी न झालेला नर, घरात तणाव, एक्स-रे स्वच्छ, थोडं थोडं जागोजागी. पुस्तकात बसवावं तसं सगळं बसत होतं. मी आठ दिवसांचं वेळापत्रक लिहून दिलं, ओरडणं बंद करायला सांगितलं आणि लघवीची तपासणी 'सवडीने करून घ्या' म्हणाले. 'सवडीने' या एका शब्दाची किंमत पुढे बंड्याने मोजली.

निघताना त्याचा विश्वास मिळवायला कमरेच्या थैलीतून चार-पाच तुकडे दिले. वाळवलेलं लिव्हर. आमच्या धंद्यात ते सगळ्यांच्याच थैलीत असतं, कारण त्याच्या वासाला नाही म्हणणारा कुत्रा विरळा. आई म्हणाल्या, "अय्या, आमच्याकडेही हेच देतो. आधीच्या ट्रेनरनी सांगितलं होतं. रोज वाटीभर तरी होतं." मी मान डोलावली. मान डोलावली, हे मला अजून लख्ख आठवतं.

पाचवा दिवस

सकाळी सव्वासातला आजींचा फोन. "अगं, तो उभा राहतोय, पण होत नाहीये त्याला. पहाटेपासून चारदा नेला खाली. आता कुंथतोय नुसता आणि तिथेच चाटत बसतोय."

हे वर्तनाचं प्रकरण नव्हतं. पोट ताठ, एकदा उलटी, मागचे पाय फाकवून उभा. नराची लघवी पूर्ण अडली तर हातात तास असतात, दिवस नव्हे. मूत्राशय फुगत जातं, किडन्यांवर दाब येतो, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं. मी त्यांना सोनोग्राफीची सोय असलेल्या दवाखान्यात तडक जायला सांगितलं आणि स्वतःही पोचले.

भूल देऊन कॅथेटर घालायला घेतला तर तो ठरावीक जागी अडकला. कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं. त्या हाडाच्या खालच्या बाजूने, खाचेतून मूत्रमार्ग जातो, आणि तिथे त्याला फुगायला जागा नसते. वरून घरंगळत आलेला खडा बहुधा त्या हाडाच्या मागच्या टोकाशीच येऊन थांबतो. डॉक्टरांनी दाबाने सलाइन सोडून खडे उलटे मूत्राशयात ढकलले. लघवी मोकळी झाली. पुढे सोनोग्राफीच्या पडद्यावर मूत्राशयाच्या तळाशी पांढरे ठिपके, मागे काळ्या सावल्या. कुत्र्याला कुशीवर वळवलं की ते ठिपके घरंगळून नव्या तळाशी जायचे.

बाबांनी पहिला प्रश्न विचारला तो रास्त होता: "मग एक्स-रेत का नाही दिसले?"

कारण ते दिसत नाहीतच. कॅल्शियमचे खडे साध्या एक्स-रेत पांढरे उठून दिसतात. डाल्मेशियनला होतात ते युरेटचे, म्हणजे यूरिक ॲसिडपासून बनणारे, खडे एक्स-किरणांना फारसे अडवत नाहीत आणि आजूबाजूच्या मांसात मिसळून जातात. सोनोग्राफी करावी लागते, नाहीतर मूत्राशयात औषध आणि हवा भरून एक्स-रे काढावा लागतो. म्हणजे आधीचा एक्स-रे खोटा नव्हता. बाकीच्या बहुतेक जातींत त्याने उत्तर दिलं असतं. डाल्मेशियनच्या बाबतीत 'एक्स-रे स्वच्छ' याचा अर्थ फार तर 'दुसऱ्या प्रकारचा खडा नाही' एवढाच, आणि हे मला माहीत असायला हवं होतं. मी जात वाचली होती. लक्षण बघताना ती आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी मूत्राशय उघडून १९ खडे काढले. सगळ्यांत मोठा वाटाण्याहून जरा लहान. गुळगुळीत, गोलसर, हिरवट तपकिरी. प्रयोगशाळेचा अहवाल आला: अमोनियम युरेट. इतर जातींच्या कुत्र्यात असे खडे निघाले तर यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी तर नाही ना, हे आधी शोधतात. इथे डॉक्टरांनी खात्रीसाठी यकृताच्या तपासण्या केल्या, त्या ठीक निघाल्या. जात पुरेसं उत्तर होती.

खडे आले कुठून

पेशी मरतात, अन्न पचतं, त्यातून प्युरीन नावाची द्रव्यं सुटतात आणि त्यांचं शेवटी यूरिक ॲसिड होतं. बहुतेक कुत्र्यांत हे ॲसिड यकृताच्या पेशींत शिरतं, तिथे एक विकर (एन्झाइम) त्याचं अलॅन्टॉइन करतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. डाल्मेशियनच्या यकृतात हे विकर आहे, पूर्ण क्षमतेचं. पण ॲसिडला आत घेणारं दार नीट चालत नाही. कारखाना चालू, फाटक बंद. मूत्रपिंडातही तेच दार असतं, त्यामुळे तिथून परत शोषून घेणंही होत नाही. सगळं लघवीत उतरतं. साधा कुत्रा दिवसाला साधारण १० ते ६० मिलिग्रॅम यूरिक ॲसिड टाकतो, डाल्मेशियन ४०० ते ६००. लघवी घट्ट आणि आम्ल असली की त्याचे स्फटिक होतात, स्फटिकांची वाळू, वाळूचे खडे.

हे दार बनवणारा जनुक एसएलसी२ए९. त्यातला दोष २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या गटाने शोधला. शुद्ध वंशाच्या डाल्मेशियनमध्ये तो जवळजवळ सरसकट आहे, आई-वडील दोघांकडून आलेला. म्हणजे ॲसिड सगळ्यांच्याच लघवीत जास्त असतं. खडे मात्र सगळ्यांना होत नाहीत. ज्यांना होतात आणि अडकतात ते बहुतांशी नर, कारण माद्यांचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद.

हे ऐकताना बाबा स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. त्यांना गाऊट होता, यूरिक ॲसिडची गोळी गेली तीन वर्षं चालू होती. माणसांत ते विकर मुळातच नाही, म्हणून आपलं ॲसिड सांध्यांत बसतं. "म्हणजे याला आणि मला एकच?" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात महिनाअखेरचा निर्णय उरला नव्हता, असं मला वाटलं. एकच म्हणता येणार नाही, पण चुलत भाऊबंद म्हणायला हरकत नाही. त्यांची अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी मात्र त्यांनी आपल्या मनाने बंड्याला देऊ नये, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे बजावलं. ही गोळी साखळीतली एक पायरी अडवते आणि यूरिक ॲसिड कमी करते. पण खाण्यातलं प्युरीन तसंच राहिलं तर आधीची पायरी, झॅन्थीन, साचून त्याचेच खडे होतात. आगीतून फुफाट्यात.

आणि लिव्हर. प्युरीनने गच्च भरलेला पदार्थ शोधायचा तर लिव्हर आणि किडनी पहिल्या रांगेत, छोटे तेलकट मासे आणि यीस्ट त्यांच्या पाठोपाठ. बंड्या रोज वाटीभर बक्षीस खात होता. चार तुकडे मीही घातले. माझ्या चार तुकड्यांनी खडा झाला नाही हे मला कळतं, तरी ती थैली मी त्या रात्री धुऊन टाकली.

आईंचा राग वेगळ्याच ठिकाणी होता. "पिल्लू देताना एक शब्द सांगितला नाही. ठिपके किती छान, एक डोळा निळा म्हणून किती खास, एवढंच." त्यांचा राग मला पटतो. ही काही काल कळलेली गोष्ट नाही. डाल्मेशियनच्या लघवीत यूरिक ॲसिड जास्त असतं हे १९१६ पासून छापील आहे. उपायसुद्धा सापडलेला आहे. अमेरिकेत रॉबर्ट शायबल या जनुकशास्त्रज्ञाने १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी संकर केला, एकदाच, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत पिल्लांतलं निरोगी जनुक तेवढं निवडत पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावत गेला. काही पिढ्यांत कुत्री दिसायला डाल्मेशियन आणि लघवीने साधी झाली. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, त्यांतल्या दोघांची नोंद केली, मग वंशशुद्धीवरून वाद पेटला आणि दार बंद झालं. ते पुन्हा उघडायला २०११ उजाडलं. ब्रिटनच्या क्लबने एक वर्ष आधी, २०१० मध्ये, अशी पहिली कुत्री नोंदवली. तीस वर्षं भांडण झालं ते ठिपक्यांच्या शुद्धतेवरून. संकरातल्या सुरुवातीच्या कुत्र्यांचे ठिपके जरा बारीक, कमी ठसठशीत होते हा एक मुद्दा होता, आणि ठसठशीत ठिपके निवडता निवडताच हा दोष जातीत पक्का झाला असावा असा तर्कही आहे. पिल्लू घेणाऱ्याने आज एकच प्रश्न विचारला तरी पुरे: यूरिक ॲसिडची जनुकीय चाचणी केली आहे का?

डावा कान

निळ्या डोळ्याबद्दल आई बोलल्या आणि माझ्या डोक्यात घंटा वाजली. तिसरी तक्रार तशीच पडून होती: ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

टाके निघाल्यावर मी बंड्याला मोकळ्या मैदानात लांब दोरीवर सोडलं आणि मुलाला वेगवेगळ्या बाजूंनी हाक मारायला लावलं. हाक आली की बंड्याचं डोकं वर व्हायचं, म्हणजे ऐकू येत होतं. पण मग तो आधी उजवीकडे वळायचा. मुलगा डावीकडे असला तरी उजवीकडे. तिथे कुणी नाही म्हटल्यावर स्वतःभोवती फिरून शोधायचा, आणि मुलगा दिसला की सुसाट. मुलगा न हलता झाडाआड उभा राहिला तेव्हा बंड्या दोनदा गोल फिरला आणि गवत हुंगायला लागला. लांबून बघणाऱ्याला हेच 'दुर्लक्ष' वाटणार.

आजींनी आणखी एक सांगितलं, सहज, जणू त्यात काही विशेष नाही. "उजव्या कुशीवर झोपला ना, की हा बहिरा होतो. भांडं पडलं तरी उठत नाही. डाव्या कुशीवर असला की डबा उघडला तरी धावत येतो."

असं निरीक्षण माझ्या चार वर्षांच्या वह्यांत नाही. उजवी कूस म्हणजे उजवा कान जमिनीला दाबलेला, आणि वर उरलेला डावा कान काहीच ऐकत नाही.

दोन महिन्यांनी बेअर चाचणी केली. कानात टकटक असा आवाज सोडतात, कातडीखाली बारीक सुयांचे इलेक्ट्रोड असतात, मेंदूपर्यंत संदेश पोचतो की नाही ते आलेखावर उमटतं. काही मिनिटांचं काम, पिल्लू पाच आठवड्यांचं झालं की करता येतं. बंड्याच्या उजव्या कानाचा आलेख डोंगररांगेसारखा. डाव्याचा सपाट.

याचं मूळ त्याच पांढऱ्या रंगात आहे ज्यासाठी ही जात घेतली जाते. डाल्मेशियन मुळात रंगीत कुत्रा आहे, ज्याचा रंग एका जनुकाने जवळजवळ पूर्ण पुसला, आणि दुसऱ्याने त्यावर ठिपके परत आणले. म्हणून पिल्लं जन्मतात ती पांढरीशुभ्र. ठिपके साधारण दहाव्या दिवसानंतर उमटायला लागतात. रंगाच्या पेशी फक्त केसांत नसतात, आतल्या कानातही असतात, आणि तिथल्या द्रवाचा तोल त्या सांभाळतात. त्या तिथे पोचल्याच नाहीत तर ऐकणाऱ्या पेशी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मरून जातात. अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत सुमारे ८ टक्के डाल्मेशियन दोन्ही कानांनी बहिरे निघाले आणि सुमारे २२ टक्के एका कानाने. दोन्ही कानांनी बहिरं पिल्लू आज ना उद्या कुणाच्यातरी लक्षात येतं. एका कानाचं आयुष्यभर 'हट्टी' म्हणून जगतं.

निळा डोळा हा त्याच पुसलेल्या रंगाचा भाग, आणि निळ्या डोळ्याच्या कुत्र्यांत बहिरेपण जास्त आढळतं. बंड्याचा डावा डोळा निळा आणि डावाच कान बहिरा, पण ही जोडी नेहमी लागतेच असं नाही. उलट, ज्या पिल्लाला जन्मतःच मोठा काळा पट्टा असतो, प्रदर्शनात जो सरळ बाद होतो, त्याचे कान चांगले असण्याची शक्यता अधिक. म्हणजे निवड करणाऱ्यांनी बक्षीस कशाला दिलं ते बघा.

उपाय फार सोपे निघाले. हाकेबरोबर हात वर करून हलवायचा, म्हणजे त्याला दिशा मिळते. झोपलेल्याला हात लावून उठवायचं नाही, पाय जमिनीवर जरा आपटायचा. रस्त्याच्या कडेला चालताना वाहनं त्याच्या उजव्या बाजूला राहतील असं बघायचं. बाबांना तेवढंसं पटलं नव्हतं, पण झाडाआडचा प्रयोग त्यांनी स्वतः करून पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून पोलिसासारखा हात दाखवायला लागले.

चौथी तक्रार, जी खरंच वर्तनाची होती

फाडाफाडीला शरीराचं काही कारण नव्हतं. तिला पायांचं कारण होतं.

या जातीचं नाव क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या डाल्मेशियाचं. तिथल्या सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या चर्चमधल्या चित्रांत असा कुत्रा दिसतो, आणि आंतरराष्ट्रीय मानकात तो क्रोएशियाचा म्हणून नोंदलेला आहे. पण त्याचं शरीर घडलं ते इंग्लंडच्या रस्त्यांवर. थॉमस ब्यूइक या चित्रकाराने १७९० मध्ये त्याला गाडीमागचा कुत्रा म्हणूनच चितारलं. घोडागाडीच्या शेजारी, कधी आसाखाली, घोड्यांच्या टाचांना चिकटून मैलोन्‌मैल धावायचं, मुक्कामी सामान राखायचं, हे त्याचं काम. अमेरिकेत बंबवाल्यांच्या घोड्यांबरोबर तेच. अमेरिकेतल्या डाल्मेशियन क्लबच्या रस्ता-परीक्षेत आजही वरची पायरी २५ मैलांची आहे, म्हणजे ४० किलोमीटर.

बंड्याला दिवसातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटं फिरवत होते. दोरीला ओढतो म्हणून हळूहळू दहा मिनिटांवर आलं होतं. बाकी वेळ तो दिवाणखान्यात होता आणि दिवाणखान्यात उशा होत्या.

आई मुळात धावणाऱ्या. त्यांनी सकाळी त्याला बरोबर घ्यायला सुरुवात केली: आधी दीड किलोमीटर, तीन महिन्यांत सात. उन्हात नाही, कारण पाणी कमी पडून लघवी घट्ट झाली की सगळं मुसळ केरात. धावताना तो आपणहून त्यांच्या गुडघ्याच्या मागे, जवळपास चिकटून येऊ लागला. त्यांना ते जरा अडचणीचंच वाटत होतं. चाकामागे चिकटून धावायला याला कुणी शिकवावं लागत नाही, असं मी त्यांना म्हणाले, आणि म्हणता म्हणता मला स्वतःलाच ते पुरतं खरं वाटलं.

मी स्वतः ज्या कामाची फी घेते, ते या सगळ्या प्रकरणात इतकंच होतं.

सात महिन्यांत

खाणं बदललं. प्युरीन कमी असलेलं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आणि त्यात पाणी कालवून, जवळपास पातळ. बक्षीस म्हणून उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. अंड्यात प्युरीन नगण्य. घरात पाण्याची चार भांडी. दर चार तासांनी खाली, रात्री झोपण्यापूर्वी एकदा नक्की, कारण तुंबून राहिलेली लघवी म्हणजे खड्यांची पेढी. लक्ष्य दोन आकड्यांचं: लघवीचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे ती किती घट्ट आहे ते, १.०२० च्या खाली, आणि पीएच, म्हणजे ती किती आम्ल आहे ते, ७ ते ७.५ च्या आसपास.

पट्टी धरून पीएच बघायचं काम मुलाने घेतलं. लघवी झेलायला जुन्या डावाला लांब काठी बांधून त्याने बंड्यामागून चालायचं तंत्र बसवलं. पहिल्या आठवड्यात बंड्या डाव बघून पाय खाली घ्यायचा आणि पोराकडे वळून हसायचा, तेच ते सगळे दात काढून.

नोंदी आजींच्या कॅलेंडरवर. प्रत्येक तारखेच्या चौकोनात पीएचचा आकडा आणि शेवटच्या लघवीचे सेकंद. त्यांनी मला विचारलं होतं, सेकंद कशासाठी मोजायचे. एक सलग धार किती वेळ चालते ते कळतं, मी म्हणाले, थेंब आणि धार यातला फरक त्यात दिसतो. मला तो खांबापाशी दिसला होता आणि मी त्याला दुसरं नाव दिलं, हेही सांगितलं. "असू दे," त्या म्हणाल्या, "तू मोजले तरी होतेस."

चौथ्या महिन्याच्या सोनोग्राफीत मूत्राशय स्वच्छ होतं. सातव्या महिन्यात तळाशी पुन्हा वाळूसारखं काहीतरी तरंगताना दिसलं. खाणं, पाणी, फेऱ्या, कशातच ढिलाई नव्हती; कॅलेंडर साक्षीला होतं. काही कुत्र्यांना तेवढ्याने भागत नाही. डॉक्टरांनी मोजून-मापून अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केलं, खाण्याची बंधनं तशीच ठेवून. नसबंदीही त्याच सुमारास झाली, डाव्या कानाच्या अहवालानंतर, बहिरेपण पुढच्या पिल्लांत जाऊ नये म्हणून, घरच्यांनी ते आधीच ठरवलं होतं.

आता सकाळी बाबा दोन डब्यांतून दोन गोळ्या काढतात. डबे एकसारखे दिसू नयेत म्हणून बंड्याच्या डब्यावर आजींनी शाईने काळे ठिपके काढले आहेत. पुढची तपासणी येत्या सोळा तारखेला आहे.